घरी बनवलेला टॉम सर्वो : हुबेहूब असावा की आपल्या हाताचा?

तळटीप :

नमस्कार. ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या अमेरिकी कार्यक्रमाचे मोजके का होईना, पण चाहते येथे आहेत, असे एका जुन्या चर्चेत दिसले होते; त्या भरवशावर हा धागा काढत आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वेड्या शास्त्रज्ञांनी एका माणसाला अंतराळयानात डांबून ठेवले आहे आणि ते त्याला टुकार चित्रपट सक्तीने पाहायला लावतात. तो माणूस क्रो आणि टॉम सर्वो या स्वतः बनवलेल्या दोन यंत्रमानवांना शेजारी बसवून चित्रपट चालू असतानाच त्यावर शेरे मारत राहतो. आपल्याला पडद्याच्या तळाशी खुर्च्यांची रांग आणि तीन डोकी काळ्या सावल्यांच्या रूपात दिसतात आणि त्यांच्यावर तो रटाळ चित्रपट. जोएल हॉजसन यांनी २४ नोव्हेंबर १९८८ रोजी, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या दिवशी, मिनिआपोलिस परिसरातील केटीएमए या छोट्या वाहिनीवर याची सुरुवात केली. पुढच्याच वर्षी तो केबलवर गेला आणि वाहिन्या बदलत १९९९ पर्यंत चालला.

मी शिक्षणासाठी मिनेसोटात आलो तेव्हा मावसभावाकडे उतरलो. हा दादा १९९० पासून येथे आहे आणि त्याच्या तळघरात या कार्यक्रमाच्या व्हिडिओ कॅसेट अजून खोक्यांत भरलेल्या आहेत. सुरुवातीला मला त्यातले काहीच कळत नसे, कारण निम्मे विनोद अमेरिकी जाहिरातींवर आणि जुन्या मालिकांवर असतात. पण दादाचे हसणे ऐकून मी हसू लागलो आणि कधीतरी माझे मलाच हसू येऊ लागले. कॉमेडी सेंट्रल वाहिनीने १९९१ पासून थँक्सगिव्हिंगला या कार्यक्रमाचे भाग सलग दाखवण्याचा प्रघात पाडला होता. तो धरून आम्ही सातआठ जण दरवर्षी त्या दिवशी दादाकडे जमतो.

यंदा भाग पाहण्याऐवजी आपणच एक भाग करावा असे ठरले आहे. एक भिकार चित्रपट निवडायचा, खुर्च्यांच्या सावल्या करायच्या, शेरे लिहायचे आणि टॉम सर्वो हा यंत्रमानव घरी बनवायचा. इथेच घोडे अडले आहे. दादाचे म्हणणे असे की, सर्वो करायचा तर मुळात जे सुटे भाग वापरले होते तेच मिळवायचे, म्हणजे डोक्यासाठी कॅरोसेल कंपनीचे गोड गोळ्या बाहेर टाकणारे तेच काचेरी यंत्र, धडासाठी पिंपाच्या आकाराचा तोच गल्ला, आणि एखादा भाग मिळाला नाही तर वर्षभर थांबायचे. मी स्वयंपाकघरातली एक पारदर्शक बरणी पालथी घालून दाखवली, तर तो म्हणाला, “हा सर्वो नव्हे, ही बरणी आहे.”

तर ज्यांनी असे काही घरी केले आहे त्यांनी आपला अनुभव सांगावा. हुबेहूबपणाचा हट्ट कितपत धरावा? शेरे कसे लिहावेत, कारण आमचे पहिले दोन प्रयत्न फारच केविलवाणे झाले? शिवाय एक जरा लाजिरवाणा प्रश्नही आहे. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी एका बाहुलीवर महिना घालवावा, यामागे नेमके काय आहे, हे तुमच्यापैकी कुणी कधी स्वतःला समजावून सांगितले आहे काय?

कानस :

तळटीप, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही, पण हा महिन्याचा हिशेब आशावादी आहे एवढे नक्की सांगतो. मी आजवर एक क्रो आणि दोन सर्वो केले आहेत, आणि त्यांपैकी पहिल्या सर्वोला दोन वर्षे लागली.

हुबेहूब म्हणजे कोणासारखा, हे दादांना आधी विचारा. केटीएमएच्या काळातला सर्वो वेगळा दिसतो आणि पुढे केबलवर स्थिरावलेला वेगळा. चाचणी भागात तर त्याच्या जागी बीपर नावाचा दुसराच यंत्रमानव होता. हॉजसन हे मूळचे रंगमंचावर चित्रविचित्र वस्तू घेऊन विनोद करणारे कलावंत, त्याआधी जादूचे प्रयोग आणि शब्दभ्रम करणारे. त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की ती उलटी धरल्यावर कशी दिसेल हे त्यांना आधी सुचत असावे. चाचणी भागाच्या चित्रीकरणाच्या आदल्या रात्री जागून त्यांनी हे यंत्रमानव जोडले. क्रोची चोच म्हणजे उभी चिरलेली प्लॅस्टिकची बोलिंग पिन, डोळे म्हणजे पिंगपाँगचे चेंडू आणि डोक्यामागची जाळी खेळाडूंच्या मुखरक्षकाची. सर्वोच्या छातीवर जे यंत्र दिसते ते खेळण्यातल्या गाडीचे इंजिन आहे. जिप्सी या यानातल्या आणखी एका यंत्रमानवाचा जबडा लहान बाळाला मोटारीत बसवण्याच्या आसनातून आला आणि तिचा एकुलता एक डोळा विजेरीतून. या वस्तू निवडण्यामागे दूरदृष्टी नव्हती. त्या स्वस्त होत्या आणि हाताशी होत्या.

आता गंमत पाहा. ज्या वस्तू त्या काळी कुणी फुकट दिल्या तरी घेतल्या नसत्या, त्यांच्यातल्या काही वस्तूंचे उत्पादन बंद झाले, उरलेल्या आमच्यासारख्यांनी जुन्या बाजारातून उचलल्या आणि आज त्या मिळवण्यासाठी चाहते एकमेकांवर पाळत ठेवतात. ज्यांना मूळ भाग मिळत नाहीत ते एखाद्याच्या मूळ भागावरून सिलिकॉनचा साचा घेऊन रेझिनमध्ये नवा ओततात. माझा पहिला सर्वो मी असाच, एकेक भाग हुडकून केला. तो झाला तेव्हा इतका अस्सल होता की त्याला हात लावण्याची माझीच हिंमत होईना. आजही तो काचेच्या कपाटात आहे आणि आलेल्या माणसाला दुरून दाखवला जातो. दुसरा मी मिळेल त्या वस्तूंचा केला. तो चार वेळा पडला, दोनदा त्याचे डोके बदलले, एका मैत्रिणीच्या मुलाने त्याच्या पोटात बिस्किटे लपवली, आणि कार्यक्रम म्हटला की सगळे त्यालाच घेऊन जातात. दादांना दुखावण्याचा हेतू नाही, पण दोन वर्षे खर्चून मी एक दागिना केला, आणि नंतर पंधरा दिवसांत एक बाहुली केली.

आपल्या कामासाठी तर हुबेहूबपणाचा प्रश्न आणखी सोपा आहे, कारण चित्रपट चालू असताना सर्वोची फक्त सावली दिसणार. मूळ कार्यक्रमातही सभागृहातल्या दृश्यांसाठी काळ्या रंगवलेल्या वेगळ्या बाहुल्या असत. म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी सगळे भाग चिकटपट्टीने तात्पुरते जोडा, खोलीत अंधार करा, मागून विजेरी धरा आणि भिंतीवर काय पडते ते पाहा. वरचा घुमट, त्याखालची बारीक मान, रुंद खांदे आणि धडाचा फुगीरपणा या चार गोष्टींचे प्रमाण जमले की बरणी असो वा गोळ्यांचे यंत्र, भिंतीवर सर्वोच उभा राहतो. प्रमाण चुकले तर मात्र अस्सल भागांचा सर्वोही पाण्याच्या बंबासारखा दिसतो. हे मी केलेले आहे.

कारागिरीच्या काही गोष्टी सांगतो. वजन वर ठेवू नका. बाहुली चालवणारा खाली बसून हात वर धरतो, आणि जड काचेची बरणी दांड्यावर तोलून दीड तास बसणे हे शिक्षेसारखे आहे. म्हणून प्लॅस्टिकच घ्या. जबड्याला खेचायला एक दोरी आणि परत मिटायला एक स्प्रिंग पुरते, परंतु स्प्रिंग कडक असली तर प्रत्येक शब्दाला टकटक ऐकू येते, तेव्हा मिटण्याच्या जागी फेल्टचा तुकडा लावा. स्वयंपाकघरातले बरेच डबे पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्यांना रंगही नीट धरत नाही आणि साधा गोंदही. आधी काचकागदाने पृष्ठभाग खरखरीत करून प्लॅस्टिकसाठीचा अस्तररंग मारावा लागतो आणि जोडणी शक्यतो स्क्रूने करावी. हातांची चिंता करू नका. सर्वोचे हात निकामी आहेत हा मूळ कार्यक्रमातच वर्षानुवर्षे चाललेला विनोद आहे, तेव्हा आपल्याला जे जमत नाही ते येथे अधिकृतपणे माफ आहे.

खुर्च्यांबद्दल एकच सांगतो. कार्यक्रमात पांढऱ्या भिंतीपुढे बसून चित्रीकरण करीत आणि नंतर ते चित्रपटावर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चढवीत. घरी त्याची गरज नाही. प्रोजेक्टर टेबलाच्या उंचीवर ठेवून त्याच्या झोताच्या खालच्या कडेत, पडद्याच्या जवळ, काळ्या पुठ्ठ्याची कापलेली रांग उभी केली की खरीखुरी सावली पडते. पडद्याजवळ सावली लहान आणि रेखीव येते, प्रोजेक्टरकडे सरकलात की ती मोठी आणि अस्पष्ट होते.

चुंबकफीत :

कानस यांचे सर्व मान्य आहे, पण दादांची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

या कार्यक्रमाला वाहिलेली पहिली घरगुती भेट म्हणजे बाहुली नव्हती. ती कॅसेट होती. सुरुवातीच्या वर्षांत भागाच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीत, या फिती एकमेकांना देत राहा, असे प्रेक्षकांना चक्क सांगितलेले असे. त्यामागचे कारण व्यावहारिक होते. ज्या केबल वाहिनीवर तो लागत असे ती अनेक गावांत दिसतच नसे, त्यामुळे ज्याच्याकडे दिसे तो ध्वनिमुद्रणासह सगळे टिपून ठेवी आणि ज्याच्याकडे दिसत नसे तो कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवून प्रत मागे. प्रतीवरून प्रत काढली की चित्र मळत जाते, लाल रंग पसरतो, आवाज खोल जातो. तिसऱ्या पिढीची प्रत पाहताना मूळचा टुकार चित्रपट आणखीच टुकार दिसत असे आणि ते कुणाला खटकत नसे.

यात केवळ हौस होती असे समजू नका. केटीएमएवरचे भाग आज आपल्याला पाहता येतात, ते मुख्यतः घरी बसून ते टिपणाऱ्या प्रेक्षकांमुळे. अगदी सुरुवातीचे काही भाग कुणीच टिपले नव्हते, कारण हे टिपून ठेवण्याजोगे आहे याचा कुणाला पत्ताच नव्हता. त्यांपैकी पहिले दोन २०१६ मध्ये हॉजसन यांच्याकडूनच बाहेर आले. पुढे डीव्हीडी निघू लागल्या, तरी प्रत्येक भागात दुसऱ्याच कुणाचा तरी चित्रपट असल्यामुळे त्या त्या चित्रपटाचे हक्क मिळाल्याशिवाय भाग विकता येत नाही. २००६ मध्ये दहावा संच बाजारात आल्यावर त्यातल्या ‘गॉडझिला व्हर्सेस मेगॅलॉन’मुळे तो मागे घ्यावा लागला आणि नंतर त्या भागाऐवजी दुसरा घालून पुन्हा काढावा लागला. ज्यांच्या तळघरात कॅसेट होती त्यांना या सगळ्याशी काही देणेघेणे नव्हते.

तेव्हा दादांची पिढी ‘तोच भाग हवा, दुसरा चालणार नाही’ असे म्हणते, त्याला मी हट्ट म्हणणार नाही. ज्याने आवडीची गोष्ट हातातून निसटताना पाहिली आहे, तो पुढची प्रत्येक वस्तू जशीच्या तशी जपायला बघतो. ती खोकी एकदा उघडून जुनी पत्रे मिळतात का पाहा, असे मी सुचवीन. कार्यक्रमाचा चाहतामंडळाशी टपालाने व्यवहार चाले, आणि प्रेक्षकांची पत्रे व मुलांनी काढलेली यंत्रमानवांची चित्रे भागाच्या शेवटी कॅमेऱ्यासमोर धरून वाचून दाखवीत.

तळटीप :

चुंबकफीत, हे वाचून खाली जाऊन दादाला विचारले. पत्रे निघाली नाहीत, पण १९९४ मध्ये मिनिआपोलिसला या कार्यक्रमाचे पहिले चाहतासंमेलन भरले होते, त्याचा गळ्यात अडकवायचा बिल्ला निघाला. तो पाहून दादा अर्धा तास बोलत होता. त्याच्या बोलण्यात सर्वोपेक्षा रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाचे वर्णन अधिक होते; त्या माणसाने म्हणे क्रो घरीच केला होता आणि त्याची चोच दुधाच्या प्लॅस्टिकच्या कॅनची होती. हे सांगून झाल्यावर आपण काय बोललो हे दादाच्या लक्षात आले असावे, कारण त्याने लगेच विषय बदलला.

शेऱ्यांबद्दल कुणी सांगेल का? आमचा नमुना असा आहे की, नायक दार उघडतो आणि आमच्यातला एक जण म्हणतो, “पाहा, त्याने दार उघडले.”

मागची रांग :

हा नमुना अगदीच वाईट नाही. पहिल्या वाचनात सर्वांचेच शेरे असेच असतात, कारण माणूस जे दिसते ते आधी सांगतो.

मी बाहुल्या करीत नाही, मी लिहितो. १९९० च्या दशकात यूजनेटवरच्या, म्हणजे इंटरनेटवरील तेव्हाच्या चर्चागटांवरच्या चाहत्यांनी एक प्रकार रूढ केला होता. इंटरनेटवर सापडलेली एखादी भयंकर कथा किंवा लांबलचक तक्रारीचे पत्र घ्यायचे आणि त्याच्या ओळीओळींमध्ये जोएल किंवा त्यांच्यानंतर आलेले माइक, क्रो आणि सर्वो यांच्या तोंडी शेरे घालून ते पुन्हा प्रसिद्ध करायचे. हा प्रकार पूर्णपणे घरगुती, ना कॅमेरा ना बाहुली, आणि त्यावर मी उमेदवारी केली. त्यातून जे कळले ते असे.

केटीएमएच्या काळात मंडळी बरेचसे शेरे आयत्या वेळी मारत आणि ते भाग आज पाहिले तर मध्ये मध्ये लांब शांतता जाणवते. केबलवर गेल्यावर त्यांनी लेखकांची खोली तयार केली, चित्रपट पुन्हा पुन्हा, थांबवून थांबवून पाहायचा आणि प्रत्येक जागेसाठी सुचतील तितके शेरे काढून त्यांतला एक ठेवायचा, अशी पद्धत पडली. माइक नेल्सन हे आधी या खोलीचे प्रमुख लेखक होते. १९९३ मध्ये हॉजसन कार्यक्रम सोडून गेले तेव्हा खुर्चीवर नेल्सन बसले, आणि ‘जोएल बरा की माइक’ या वादात चाहत्यांनी पुढे जी कित्येक वर्षे घालवली त्यात मी पडणार नाही. मुद्दा एवढाच की, जे उत्स्फूर्त वाटते ते घासूनपुसून लिहिलेले होते. तेव्हा तुम्हीही चित्रपट किमान तीन वेळा पाहा. पहिल्यांदा काहीही लिहू नका. दुसऱ्यांदा सगळे लिहा. तिसऱ्यांदा हातात घड्याळ घेऊन बसा, कारण शेरा संवादावर पडला तर दोन्ही वाया जातात. पात्राने श्वास घेतला की ती तुमची जागा. चित्रपट वाईट असण्याचा एक मोठा फायदा असा की त्यात पात्रे फार वेळ श्वास घेतात.

चित्रपट निवडताना अतिशहाण्या, मुद्दाम वाईट केलेल्या चित्रपटांना हात लावू नका. जो आधीच डोळा मारतो आहे त्याला चिमटा काढता येत नाही. ज्याने मनापासून चांगला चित्रपट करायचा प्रयत्न केला आणि जो प्रत्येक पायरीवर घसरला, असा चित्रपट हवा. ‘मॅनोस : द हँड्स ऑफ फेट’ हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. १९६६ मध्ये टेक्सासमधल्या एल पासो येथे खते विकणाऱ्या हॅरोल्ड वॉरेन यांनी तो सुमारे १९,००० डॉलरमध्ये केला. कॅमेरा किल्ली देऊन चालवायचा होता आणि एका दमात ३२ सेकंदांपेक्षा जास्त टिपू शकत नव्हता, आवाज सगळा नंतर मोजक्या माणसांनी भरला. तो पडद्यावर आला आणि विसरला गेला. ३० जानेवारी १९९३ रोजी तो या कार्यक्रमात लागला आणि तेव्हापासून त्याला मरणच नाही. सिअ‍ॅटलमध्ये त्यावर बाहुल्यांचे संगीत नाटक झाले, बेन सोलोवे यांनी लोकवर्गणी काढून त्याची मूळ फीत स्वच्छ केली, आणि त्यात छोट्या मुलीचे काम करणाऱ्या जॅकी नेमन जोन्स यांनी मोठेपणी त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. थट्टेने सुरू झालेल्या गोष्टीचा शेवट एका फिकट फितीतला एकेक ओरखडा पुसण्यात झाला. ज्यांना या चाहत्यांचा आनंद केवळ कुचेष्टेचा वाटतो त्यांच्यापुढे मी हे उदाहरण ठेवतो.

आपण ‘यामागे नेमके काय आहे’ असे विचारले आहे. माझ्यापुरते सांगायचे तर, हा कार्यक्रम पाहताना मला नेहमी वाटते की वाईट चित्रपट करणारा माणूस आणि टाकाऊ वस्तूंतून यंत्रमानव जोडणारा माणूस हे एकाच आळीत राहतात. दोघांकडेही पैसे नाहीत, दोघांकडे एक वेडी कल्पना आहे, आणि दोघांच्या कामात जोड दिसतात. फरक एवढाच की एकाला ते जोड दिसत असल्याचे ठाऊक आहे. चकचकीत कार्यक्रम पाहून माणूस टाळ्या वाजवतो. जोड दिसणारा कार्यक्रम पाहिला की त्याचा हात कात्रीकडे जातो. म्हणून २०१५ मध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू करण्यासाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली तेव्हा ४८,२७० लोकांनी ५७ लाख ६४ हजार डॉलर दिले, याचे मला फारसे नवल वाटले नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी त्याआधी घरात काही ना काही चिकटवलेले असणार.

एक व्यावहारिक सूचना. तुमचा प्रयोग घरातल्या घरात असेल तर प्रश्न नाही, पण तो टिपून इंटरनेटवर ठेवायचा विचार असेल तर चित्रपटाचे हक्क पाहा. अमेरिकेत १९६४ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या कृतींचे हक्क २८ व्या वर्षी नव्याने नोंदवावे लागत आणि अनेक स्वस्त चित्रपटांच्या निर्मात्यांनी ते केले नाही, त्यामुळे असे बरेच चित्रपट आज मुक्त आहेत. दुसरी वाट नेल्सन यांनी २००६ मध्ये ‘रिफट्रॅक्स’ सुरू करून, आणि त्यात सामील झालेल्या केव्हिन मर्फी आणि बिल कॉर्बेट या कार्यक्रमातल्या सहकाऱ्यांसह दाखवली : फक्त शेऱ्यांचा ध्वनी वेगळा द्यायचा, चित्रपट ज्याचा त्याने लावायचा. चाहत्यांनी घरी केलेल्या अशा ध्वनिफितींनाही त्यांनी पुढे आपल्याकडे जागा दिली होती.

अर्धविराम :

मागची रांग यांचा ‘मॅनोस’चा दाखला सुंदर आहे, पण तो सोयीचाही आहे. दुसराही एक दाखला घ्या. ‘हॉबगॉब्लिन्स’चे दिग्दर्शक रिक स्लोन यांनी आपला चित्रपट कार्यक्रमाकडे स्वतःहून दिला, शेरे ऐकून ते पोट धरून हसले, आणि भागाच्या शेवटी त्यांचीच नक्कल करणारी खोटी मुलाखत आली तेव्हा मात्र ते हादरले. चित्रपटावर हसणे त्यांनी पचवले, माणसावर हसणे नाही. तुमच्या सातआठ जणांच्या घोळक्यात ही रेघ फार पटकन ओलांडली जाईल. विशेषतः नटीच्या रूपावरचे शेरे सर्वांत आधी सुचतात आणि सर्वांत आधी शिळे होतात. ते लिहा आणि खोडा. उरेल ते ऐकण्यासारखे असेल.

मागची रांग :

अर्धविराम, मान्य. माझ्या जुन्या लेखनात अशा ओळी आहेत आणि त्या आज वाचवत नाहीत. इंटरनेटवर सापडलेल्या कथांचे लेखक बहुधा शाळकरी मुले असत, हे आम्हांला तेव्हा सुचले नाही.

तळटीप :

सर्वांचे आभार. थोडा वृत्तान्त देतो, कारण गेल्या आठवड्यात बरेच काही झाले.

चित्रपट ठरला आहे. हक्क संपलेला, साधारण सत्तर मिनिटांचा, आणि त्यात एक राक्षस आहे ज्याच्या पाठीची चेन तीन वेळा दिसते. मागची रांग यांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्यांदा कुणीही काही न लिहिता तो पाहिला, आणि हे वाटले होते त्यापेक्षा कितीतरी अवघड निघाले. दुसऱ्या वेळी चारशेच्या वर शेरे जमले. अर्धविराम यांची चाळणी लावल्यावर त्यांतले एकशे नव्वद उरले, आणि घड्याळाच्या चाळणीनंतर एकशे दहा. दार उघडण्यावरचा शेरा टिकला आहे, पण आता तो चौथ्या दारावर येतो, आणि तोवर पहिल्या तीन दारांवर सर्वो अवाक्षर काढत नाही.

सर्वोबद्दल सांगायचे तर, काल रात्री मी दादाला न सांगता बरणी, प्लॅस्टिकचा एक पेला, बागेतली जुनी कुंडी आणि खेळण्यातला एक ट्रक असे चिकटपट्टीने जोडले आणि तळघरातले दिवे घालवून मागून विजेरी धरली. कानस म्हणाले तसा तो आधी पाण्याच्या बंबासारखाच दिसला. बरणी खाली दाबली, खांदे पुठ्ठ्याने वाढवले, पुन्हा पाहिले, असे बराच वेळ चालले होते. दादा जिन्यावर कधी येऊन उभा राहिला ते कळले नाही. भिंतीकडे पाहत तो काही वेळ गप्प होता.

मग म्हणाला, “मान बोटभर आखूड कर. आणि विजेरी माझ्याकडे दे, तुझा हात हलतोय.”

कानस, जबड्याच्या स्प्रिंगचे माप कळवाल का? दादा विचारतो आहे.

कानस :

बॉलपेनातली घ्या. दोन लागतील, एक नक्की उडून कपाटाखाली जाते.